जुन्या शिवणयंत्राचे पुनरुज्जीवन : खर्च थोडा, उपयोग मोठा

ग्रामीण भागातील स्त्रियांना घरबसल्या रोजगार मिळावा म्हणून शिवणयंत्रांचे वाटप करण्याची प्रथा आपल्या राज्यात जुनी आहे. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्या, पंचायत समित्या आणि स्वयंसेवी संस्था यांनी वर्षानुवर्षे ही यंत्रे दिली आहेत. परंतु दिलेल्या यंत्राचे पुढे काय होते, याचा विचार फारसा होत नाही. एखादा दोन रुपयांचा स्प्रिंग तुटतो, टाके सुटू लागतात, आणि यंत्रावर चादर पडते ती पुन्हा निघत नाही. त्या चादरीखाली केवळ यंत्र नव्हे, तर एका कुटुंबाचे उत्पन्न झाकले गेलेले असते. म्हणून नव्या यंत्राच्या वाटपाइतकेच जुन्या यंत्राच्या दुरुस्तीलाही महत्त्व द्यावयास हवे. औद्योगिक शिवणयंत्राच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे.

बारामती-इंदापूर परिसराची अनुकूलता

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्यातील दोन तालुके ऊस, साखर कारखाने आणि कालव्याचे पाणी यांसाठी सर्वांना परिचित आहेत. त्यांची दुसरी ओळख वस्त्रोद्योगाची आहे. केंद्र शासनाच्या २००५ च्या एकात्मिक वस्त्रोद्योग पार्क योजनेखाली बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रात हायटेक टेक्स्टाइल पार्क उभे राहिले. तेथील तयार कपड्यांच्या कामात स्त्रियांचा भरणा मोठा आहे. इंदापूरला लागूनच असलेला सोलापूर जिल्हा गणवेशांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे विजेवर चालणारे वेगवान शिवणयंत्र, ज्याला शिंपी ‘पॉवर मशीन’ म्हणतात, ते येथील अनेक स्त्रियांच्या हातचे झालेले आहे. कारखाने यंत्रसामग्री बदलतात तेव्हा अशी यंत्रे जुन्या बाजारात येतात आणि तेथून ती गावातील शिंप्याकडे अथवा बचत गटाकडे जातात.

घरगुती यंत्र पायाने चालते व त्याचा वेग मर्यादित असतो. औद्योगिक यंत्र मिनिटाला चार ते पाच हजार टाक्यांपर्यंत जाऊ शकते आणि जाड कापडाचे चार-चार थर सहज शिवते. एका ठरावीक मुदतीत शे-दोनशे गणवेश शिवून द्यावयाचे असतील, तर हा फरक निर्णायक ठरतो.

लोखंड टिकते, लहान भाग झिजतात

एलियस हौ यांना १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्राची पेटंटे मिळाली. भारतात १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रांची निर्मिती सुरू केली. यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या विरोधातून वगळले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या दीर्घ काळात यंत्राचे बाह्यरूप बदलले. परंतु दोन धाग्यांची गाठ कापडाच्या मध्यावर बसविण्याचे मूळ तत्त्व तेच राहिले. म्हणूनच वीस-तीस वर्षांपूर्वीचे यंत्र आजही तितकेच चांगले शिवू शकते.

अशा यंत्राचा सांगाडा ओतीव लोखंडाचा असतो. तो सहसा झिजत नाही. झिजतात ते लहान भाग. सुईखाली फिरणारा आणि वरचा धागा पकडणारा हुक प्रत्येक टाक्याला दोन फेरे घेतो. मिनिटाला चार हजार टाके पडत असतील, तर हुक आठ हजार फेरे घेतो. साहजिकच त्याचे टोक सर्वांत आधी बोथट होते. त्याखालोखाल कापड पुढे सरकविणारे दाते, सुईखालची पट्टी, बॉबिन केस, धाग्याच्या ताणाचा स्प्रिंग आणि पट्टा यांचा क्रम लागतो. हे सर्व भाग वेगळे विकत मिळतात व बदलता येतात. मात्र खरेदीस जाण्यापूर्वी यंत्रावरील पट्टीवरचा नमुना क्रमांक लिहून घ्यावा. एका नमुन्याचा हुक दुसऱ्यास बसेलच असे नाही.

प्रथम परीक्षा, मग स्वच्छता

जुने यंत्र हाती आल्यावर ते लगेच विजेवर चालवून पाहू नये. प्रथम पट्टा काढून हातचाक हाताने फिरवावे. ते अडत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. बंद पडून राहिलेल्या यंत्रातील तेल गोंदासारखे घट्ट होते आणि त्यात कापडाचा तूस मिसळतो. ब्रशने तूस काढून, सांध्यांवर थोडे रॉकेल किंवा डिझेल सोडून यंत्र रात्रभर तसेच ठेवावे. हे काम मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर करावे. हातोडीचा प्रयोग कटाक्षाने टाळावा. दुसऱ्या दिवशी चाक सुटल्यावर सर्व भाग कोरडे पुसून ताजे तेल द्यावे.

अनेक औद्योगिक यंत्रांच्या तळाशी तेलाची परात असते आणि तेथून लहान पंप तेल वर चढवितो. परातीतील काळे तेल पूर्णपणे काढून, परात धुऊन, तीत शिवणयंत्राचे पांढरे पातळ तेल खुणेइतके भरावे. मोटारसायकलचे अथवा खाद्य तेल वापरणे म्हणजे दुरुस्ती वाया घालविणे होय. यंत्र चालू असताना वरच्या काचेत तेलाचे शिंतोडे दिसले, तर पंप ठीक आहे असे समजावे.

यानंतर जुळवणी करावयाची. सुई अगदी खाली जाऊन सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर वर आली, की त्याच क्षणी हुकाचे टोक सुईच्या छिद्राच्या किंचित वर, सुईच्या मागे पोहोचले पाहिजे. दोहोंमधील फट कागदाच्या जाडीहून अधिक नसावी. परंतु टोक सुईला घासूही नये. टाके सुटण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या जुळवणीत, नाही तर वाकड्या किंवा उलट बसविलेल्या सुईत असते. म्हणून पेच सैल करण्यापूर्वी नवी सुई लावून पाहण्याचा नियम पाळावा. गणवेशाच्या कापडाला साधारणपणे १४ क्रमांकाची आणि जाड कापडाला १६ किंवा १८ क्रमांकाची सुई योग्य ठरते.

मोटर बदलणे : खरी सुधारणा

येथपर्यंतचे काम दुरुस्तीचे झाले. यंत्राला नव्या काळाची जोड मिळते ती मोटर बदलल्याने. जुन्या औद्योगिक यंत्रांना क्लच मोटर असते. बटण दाबल्यापासून ती अखंड फिरत राहते. पायाने पेडल दाबले की तिची गती यंत्राला मिळते, एवढेच. शिवणारी स्त्री कापड जुळवीत असो वा धागा ओवीत असो, मोटर फिरतच असते व वीज खर्च होतच असते. शिवाय कारखान्यातील अनेक मोटरी तीन फेजच्या असतात, तर गावातील घरात एक फेजचा पुरवठा असतो. अशी मोटर घरी आणून उपयोग होत नाही.

आता मिळणारी सर्व्हो मोटर एक फेजवर चालते आणि पेडल दाबले असेल तेव्हाच फिरते. एका उदाहरणाने फरक स्पष्ट होईल. समजा, क्लच मोटर मोकळी फिरताना २०० वॅट वीज घेते आणि दिवसाच्या आठ तासांपैकी सहा तास ती अशी मोकळीच फिरते. या सहा तासांत १.२ युनिट, म्हणजे महिन्याच्या पंचवीस दिवसांत ३० युनिट वीज एकही टाका न पडता खर्च होईल. सर्व्हो मोटरमुळे हा खर्च जवळजवळ संपूर्ण वाचतो. तिचा आवाज कमी असल्याने घरात मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येत नाही. आणखी एक लाभ शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सर्व्हो मोटरचा कमाल वेग ठरवून देता येतो. नवशिक्या मुलीसाठी तो कमी ठेवावा आणि हात बसेल तसा वाढवावा. वेगाच्या भीतीने शिक्षण सोडण्याचा प्रसंग मग येत नाही.

मोटर बसविताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. हातचाकाचा वरचा भाग शिवणाऱ्याच्या दिशेने फिरला पाहिजे. उलट फिरल्यास धागा तुटतो. मोटरची पुली व यंत्राचे हातचाक एका रेषेत असावेत आणि पट्टा मध्यावर दाबला असता एक ते दीड सेंटिमीटर खाली जावा. तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. यंत्राला अर्थिंग हवेच, पट्ट्यावर झाकण हवे आणि लोखंडी टेबलाला उघड्या तारेचा स्पर्श होता कामा नये. वीज कमी-अधिक होत असेल तर मोटरच्या नियंत्रक पेटीच्या रक्षणासाठी स्टॅबिलायझर वापरावा. हे काम जाणत्या वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

शेवटी चाचणी. वर एका रंगाचा व खाली दुसऱ्या रंगाचा धागा लावून प्रत्यक्ष वापरावयाच्या कापडावर टीप मारावी. खालचा रंग वर दिसला, तर वरचा ताण अधिक आहे. वरचा रंग खाली दिसला, तर तो कमी आहे. दोन्ही बाजूंना आपापलाच रंग दिसला की यंत्र कामास सिद्ध झाले.

प्रत्येक जुने यंत्र वाचविण्याजोगे असतेच असे नाही. सांगाड्याला तडा गेला असेल, मुख्य दांडा आपल्या बुशात खडखडत असेल किंवा त्या नमुन्याचे सुटे भाग मिळत नसतील, तर खर्च करू नये. अशा यंत्राचे चांगले भाग काढून ठेवणे हाच शहाणपणा होय.

स्थानिक संस्थांनी काय करावे?

या कामासाठी कोणत्याही नव्या यंत्रणेची आवश्यकता नाही. बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. शिवण शिकणाऱ्या मुलींना यंत्र चालविण्याबरोबरच ते उघडून, स्वच्छ करून पुन्हा जुळविण्याचा सराव दिला, तर प्रत्येक गावात एक तरी दुरुस्ती जाणणारी स्त्री तयार होईल. कार्यालये आणि प्रशिक्षण केंद्रे यांच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत अनेकदा नादुरुस्त यंत्रांची नोंद असते. त्यांचे निर्लेखन करण्यापूर्वी वर सांगितलेली परीक्षा जरूर करून घ्यावी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील जो १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो, त्याच्या नियोजनात यंत्रदुरुस्तीच्या प्रशिक्षणाचा विचार व्हावा. केंद्र शासनाच्या १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंप्याचाही समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज यांची तरतूद करण्यात आली.

शिक्षक बंधु-भगिनींचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात शालेय गणवेशांच्या शिलाईचे काम महिला बचत गटांकडे सोपविण्यात आले होते. डिसेंबर २०२४ च्या निर्णयाने पुढील वर्षापासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली. गावातील गटाकडे वेगवान व सुस्थितीतील यंत्रे असतील, तर समितीला काम गावातच देता येईल, मुलांना गणवेश वेळेवर मिळतील आणि शिलाईचा पैसा गावातच राहील. यंत्रे नादुरुस्त असतील, तर सद्भाव असूनही काम बाहेर जाईल.

नवे यंत्र देण्याचा समारंभ होतो; जुने यंत्र दुरुस्त करण्याचा होत नाही. परंतु आपल्या गावात बंद पडलेली यंत्रे किती, ती कशामुळे बंद आहेत आणि त्यांतील किती थोड्या खर्चात चालू होतील, याची एक साधी यादी ग्रामसभेपुढे ठेवता येईल. तेवढ्या यादीतून अनेक घरांतील यंत्रांचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागेल.