भरती येण्याआधी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समध्ये, वॉल्टन नावाचे छोटे गाव आहे. गावामागे खाड्या, चिखल आणि खाजणांचा पसारा. समुद्राला थोपवून धरणारे मातीचे बांध पाहून आपल्याला कोकणातले खारबांध आठवावेत. तेथे १९६८ साली बेन फिशर यांना तांबूस-सोनेरी रंगाचा एक पतंग सापडला. ब्रिटनमध्ये त्याची तोवर नोंदच नव्हती. ‘फिशर्स एस्च्युअरीन मॉथ’, म्हणजे फिशर यांचा खाडीपतंग, असे त्याचे नाव पडले.

तिथल्या त्याच्या अळीचे अन्न एकच : ‘हॉग्ज फेनेल’ ही बडीशेपेच्या कुळातली, पिवळ्या फुलांची वनस्पती. ब्रिटनमध्ये ती फक्त एसेक्स आणि केंटच्या किनाऱ्यावर उगवते. गंमत अशी, की मादी अंडी तिच्यावर घालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री ती शेजारच्या जाड, उंच गवताच्या पात्याआड अंडी दडवते. थंडीभर ती तिथेच राहतात. एप्रिल-मे महिन्यांत इवलीशी अळी बाहेर पडते, फेनेल गाठते आणि देठ पोखरत थेट मुळात उतरते. ऑगस्टच्या सुमारास मुळाशेजारच्या मातीत कोष होतो आणि थंडीआधी पुन्हा पतंग उडू लागतात.

थोडक्यात, स्वयंपाकघर एका झाडात आणि बाळंतिणीची खोली दुसऱ्यात! फेनेल जपले, पण हिवाळ्यात ‘स्वच्छते’साठी सगळे गवत कापले, तर पुढची पिढी त्या गवताबरोबरच जाते. आपल्याला जे ओबडधोबड रान वाटते, तोच त्याचा संसार असतो.

त्या संसारावर आता समुद्र चालून येतो आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री याच किनाऱ्यावर बांध फुटले आणि इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक माणसे दगावली. आज समुद्राची पातळी वाढते आहे आणि पतंगाचे बहुतेक रान सखल भागात आहे. झाडाला काही उठून उंचावर जाता येत नाही.

म्हणून माणसांनी ते काम अंगावर घेतले. किनाऱ्यापासून आत, उंच जमिनीवर फेनेल लावले, भोवती गवत वाढू दिले. जमीनमालकांनी जागा दिल्या. कोलचेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात वाढवलेले पतंग तेथे सोडले. काही ठिकाणी त्यांनी बस्तानही बसवले.

घर वाहून गेल्यावर मदत पाठवणे आपल्याला ठाऊक आहे. येथे पाणी येण्याआधीच दुसरे घर बांधले गेले, तेही मदतीसाठी अर्ज करू न शकणाऱ्या जिवासाठी. त्याकरिता लागले काय? थोडे बियाणे, थोडी जमीन आणि न कापलेले गवत.