बोलक्या भिंती आणि शांत जागा

जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांमध्ये ‘बोलक्या भिंती’ मोठ्या हौसेने रंगवल्या जातात. बाराखडी, पाढे, फळं, प्राणी, वर दोरीला लटकणारी कागदी फुलं. बहुतेक मुलं त्यांत रमतात. स्वमग्न मुलाशी मात्र या सगळ्या भिंती एकदम बोलू लागतात, आणि त्याला त्यांना गप्प करता येत नाही.

गैरसमज: स्वमग्न मूल आपल्याच तंद्रीत असतं, आजूबाजूचा त्याला काय त्रास?

‘स्वमग्न’ या शब्दानेच आपली थोडी फसगत केली आहे. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची लुकलुक, शेजारच्या वर्गातले पाढे, कुणाच्या तरी डब्याचा वास हे आपण नकळत बाजूला सारतो. अनेक स्वमग्न मुलांना ते जमत नाही. काहींच्या संवेदना उलट मंद असतात. 2013पासून अमेरिकन निदान-पुस्तिकेत संवेदनांचा हा वेगळेपणा स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये नोंदला आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2017 साली मुलांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा धड्यामागच्या चित्रांनी सगळ्याच मुलांचं लक्ष वेधलं, स्वमग्न मुलांचं अधिक.

गैरसमज: अशा मुलाला शांत जागा द्यायची तर वेगळी खोली आणि पैसा हवा.

वर्गातच एवढं पुरतं: भिंतीकडे तोंड केलेलं एक बाक, दार-खिडकीपासून दूर. शेजारी आडवं लावलेलं पुस्तकांचं कपाट, नसेल तर मोठ्या खोक्याचा पुठ्ठा. उघड्या फळ्यांवर एकरंगी पडदा. मुलं बस्करावर बसत असतील, तर फरशीवर चिकटपट्टीने आखलेला चौकोनही चालतो. समोरची भिंत तेवढी कोरी ठेवा. बाकीच्या खुशाल बोलू द्या.

गैरसमज: जागा शांत झाली की मूल आपोआप काम करेल.

इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. एरिक शॉपलर यांनी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात उभ्या केलेल्या ‘टीच’ कार्यक्रमाने ही गोष्ट नीट मांडली. जागेनेच मुलाला चार उत्तरं द्यायची: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार, आणि पुढे काय. डावीकडे तीन टोपल्या, प्रत्येकीत एकच काम. उजवीकडे ‘झालं’ची टोपली. तिन्ही रिकाम्या झाल्या, की पुढे काय ते दाखवणारं चित्र, समजा झोपाळ्याचं. बाई पुन्हापुन्हा सांगत नाहीत, मूल टोपल्या पाहून चालतं. तोंडी सूचनांपेक्षा डोळ्यांना दिसणारा क्रम अनेक स्वमग्न मुलांना सोपा जातो.

गैरसमज: कोपऱ्यात बसवणं म्हणजे शिक्षा, नाहीतर लाड.

आपल्यापैकी अनेकांच्या बालपणात कोपरा शिक्षेचाच होता, म्हणून पालक दचकतात. त्यांची भीती अगदीच निराधार नाही. मुलाला दिवसभर तिथेच ठेवलं, तर ते वर्गात असूनही वर्गाबाहेर पडतं. ही जागा एकाग्रतेच्या कामापुरती, थोड्या वेळासाठी. प्रार्थना, खेळ, गाणी, डबा सगळ्यांसोबत. रागावून तिथे पाठवायचं नाही, एकदाही नाही. दुसऱ्या एखाद्या मुलाला तिथे बसून लिहावंसं वाटलं, तर बसू द्यावं. आणि लाड म्हणाल, तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. मुलाच्या गरजेनुसार शाळेने वाजवी सोय करून देणं हे त्याच कायद्याने सांगितलं आहे.

बाई, गुरुजी, एक विनंती. उद्या वर्ग भरलेला असताना त्या मुलाच्या जागेवर, त्याच्याच उंचीवर, दहा मिनिटं बसून पाहा. काय दिसतं, काय ऐकू येतं ते लिहून काढा, आणि त्यातली एक गोष्ट त्याच दिवशी हलवा.