प्रिंटरचा पत्ता कोणी ठरवायचा?

लहान कार्यालयातल्या संगणकावर प्रिंटरांची यादी उघडली, तर पुष्कळदा एकाच यंत्राचे नाव दोन-तीन वेळा दिसते. पुढे ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशी शेपटे लावलेली. यंत्र एकच असते. छपाई अडली की कुणीतरी तोच प्रिंटर नव्याने जोडतो, काम चालू होते आणि काही दिवसांनी ‘प्रिंटर ऑफलाइन’ हा संदेश पुन्हा झळकतो. अशा वेळी शाई, केबल, ड्रायव्हर सगळे ठीक असू शकते. संगणक ज्या पत्त्यावर मजकूर पाठवतो, त्या पत्त्यावर प्रिंटर आता नसतो, एवढेच घडलेले असते. यावर प्रिंटरला कायमचा पत्ता द्यावा, हा उपाय बहुतेकांना ऐकून माहीत असतो. तो पत्ता प्रिंटरमध्ये टाइप करायचा की राउटरमध्ये नोंदवायचा, याचा विचार मात्र फारसा होत नाही. तो राउटरमध्येच नोंदवावा, असे माझे म्हणणे आहे.

आधी पत्ता का बदलतो, ते पाहू. आज सर्वत्र रुळलेली आयपी पत्त्यांची पद्धत १९८१ची आहे: शून्य ते २५५ या मर्यादेतले चार आकडे. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९६च्या मानकाने खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले, म्हणून ते घरोघरी तेच दिसतात. हे पत्ते वाटण्याचे काम राउटर डीएचसीपी या पद्धतीने करतो. तिचा पहिला मसुदा १९९३चा, आजचे रूप १९९७चे. यात पत्ता कायमचा मिळत नाही, अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखा मुदतीने मिळतो. निम्मी मुदत संपली की यंत्र नूतनीकरण मागते. यंत्र चालू असेल तोवर तोच पत्ता टिकतो. दिवाळीच्या सुटीत प्रिंटर बंद राहिला आणि मुदत उलटली, तर तो पत्ता दुसऱ्या कुणाला देण्यास राउटर मोकळा होतो. शिवाय अनेक साध्या राउटरांतली वाटपाची यादी वीज जाताच पुसली जाते. मोबाइलला याने काही फरक पडत नाही, कारण तो स्वतः बाहेर जाऊन माहिती मागतो. प्रिंटरचे उलट आहे. त्याला इतर यंत्रे शोधत येतात, आणि संगणकाच्या पोर्टमध्ये १९२.१६८.१.७ असे एकदा लिहिले की संगणक तिथेच जात राहतो. त्या पत्त्यावर आता एखादा फोन बसला असला तरी.

प्रिंटरच्या पॅनेलवर जाऊन पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे हाताने भरणे ही रूढ पद्धत. तिच्यात अडचण अशी की राउटरला या व्यवस्थेची खबरच नसते. भरलेला पत्ता वाटपाच्या पल्ल्यातला असेल, तर राउटर तो उद्या दुसऱ्याला देऊ शकतो. देण्याआधी तो पत्ता कुणी वापरत नाही ना, हे तपासून पाहावे, असे मानक सांगते. पण रात्री बंद असलेला प्रिंटर त्या तपासणीला उत्तर कसे देणार? सकाळी तो चालू होतो आणि एका पत्त्याचे दोन दावेदार उभे राहतात. मग छपाई कधी होते, कधी होत नाही, आणि असा बेभरवशाचा बिघाड पूर्ण बिघाडापेक्षा शोधायला कठीण असतो.

यावर जाणकार म्हणतील, पल्ल्याबाहेरचा पत्ता द्या. वाटप १०० ते १९९ असेल, तर प्रिंटरला २० द्या. टक्कर होणार नाही. हे खरे आहे, पण इंटरनेटची कंपनी बदलेपर्यंत. जुने जाळे १९२.१६८.१चे होते आणि जिओफायबरचा राउटर १९२.१६८.२९चा पल्ला घेऊन आला, तर प्रिंटर जुन्या पत्त्यावर अडून बसतो. त्याचे सेटिंगचे पानही मग ब्राउझरमध्ये सहज उघडत नाही, आणि पडदा नसलेल्या स्वस्त यंत्राला बटणे दाबून मूळ स्थितीत न्यावे लागते. राउटरमधली नोंदही राउटरबरोबर जाते, हे कबूल. पण स्वयंचलित ठेवलेला प्रिंटर नव्या जाळ्यात निदान नवा पत्ता घेतो, सापडतो, आणि नोंद पुन्हा करता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता आकड्यांची गरजच काय? ॲपलने २००२मध्ये आणलेल्या आणि २०१३मध्ये मानक झालेल्या एमडीएनएसमुळे यंत्रे एकमेकांना नावाने शोधतात. घरात दोन फोन आणि एक प्रिंटर असेल, तर तेवढे पुरते. पण ही हाक त्याच जाळ्यापुरती असते, सहसा राउटर ओलांडत नाही. पाहुण्यांचे वायफाय वेगळे असेल किंवा ॲक्सेस पॉइंट यंत्रांना एकमेकांपासून तोडत असेल, तर नाव ऐकूच जात नाही. तिसरी शंका सुरक्षिततेची. फिरता पत्ता संरक्षण देत नाही. आत शिरलेल्याला २५४ पत्ते चाळायला वेळ लागत नाही. धोका आहे तो प्रिंटरचे ९१०० क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटला उघडे ठेवण्यात. २०१८च्या अखेरीस एका हॅकरने अशाच उघड्या प्रिंटरांवर एका यूट्यूबरची जाहिरात छापली आणि ५० हजार यंत्रे गाठल्याचा दावा केला.

कृती साधी आहे. प्रिंटरमधून नेटवर्कची माहिती छापून घ्यावी आणि तीतला मॅक पत्ता, म्हणजे बारा अंक-अक्षरांची यंत्राची ओळख, राउटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये हव्या त्या आयपी पत्त्यासमोर लिहावा. केबल आणि वायफाय यांचे मॅक पत्ते वेगळे असतात, म्हणून जोडणी ज्याने आहे तोच घ्यावा. प्रिंटर बंद करून चालू करावा आणि संगणकावर तो टीसीपी/आयपी पोर्टने त्याच पत्त्यावर जोडावा. राउटर बंद असतानाही छपाई थांबता कामा नये अशी जागा असेल, तिथे हाताने भरलेला पत्ताच योग्य. फक्त तो पल्ल्याबाहेरचा असावा आणि कुठेतरी लिहून ठेवलेला असावा. बाकी ठिकाणी वाटप करणाऱ्यालाच राखीव जागा माहीत असलेली बरी. हाच निकष सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला आणि हजेरीच्या बायोमेट्रिक यंत्रालाही लावता येतो: ज्याच्याकडे इतर यंत्रे येतात त्याचा पत्ता राखून ठेवावा, जे स्वतः बाहेर जाते त्याचा बदलला तरी बिघडत नाही.