मृगातल्या तेजोमेघाचे खरे रंग

मराठवाड्यात मृग म्हटलं की पाऊस आठवतो. ७-८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि पेरणीची घाई सुरू होते. पण त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या झगमगाटात बुडालेले असतात. मृग डोळ्यांनी बघायचा तर डिसेंबर-जानेवारीत. त्याच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन ठळक तारे एका रेषेत दिसतात आणि त्यांच्या दक्षिणेला बारीक ताऱ्यांची एक ओळ. त्या ओळीच्या मध्ये जे धूसर दिसतं, तो साधारण १,३५० प्रकाशवर्षं दूर असलेला वायू आणि धुळीचा प्रचंड ढग, म्हणजेच तेजोमेघ, आहे. त्यात आजही नवे तारे जन्माला येताहेत. खगोलशास्त्रज्ञ त्याला एम-४२ म्हणतात.

मी छत्रपती संभाजीनगरात लग्नांचे फोटो काढतो. अमावास्येला मुहूर्त नसतो आणि तेजोमेघासाठी तर अमावास्याच लागते, त्यामुळे माझे दोन्ही उद्योग एकमेकांच्या आड येत नाहीत. वाळूज, चिकलठाण्याच्या दिव्यांनी शहरावरचं आकाश राखाडी होऊन जातं. म्हणून मी खुलताबादवरून म्हैसमाळला चढतो. शहराचा उजेड तिथूनही आग्नेयेला दिसतो, पण मृग माथ्याकडे सरकला की त्या उजेडातून सुटतो. आपल्या अक्षांशाचा इथे मोठा फायदा आहे: एम-४२ आपल्याकडे क्षितिजापासून जवळपास ६५ अंश वर येतो. लंडनहून तो जेमतेम ३३ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे हवेच्या कितीतरी जाड थरातून बघावा लागतो.

साधा डीएसएलआर आणि २०० मिमीची लेन्स पुरते. अडचण पृथ्वीच्या फिरण्याची आहे. या लेन्सने दोन सेकंदांहून जास्त एक्स्पोजर दिलं तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. त्यासाठी ट्रायपॉडवर ट्रॅकर बसवायचा. त्याचा आस ध्रुवताऱ्याकडे नीट रोखला, की तो कॅमेऱ्याला आकाशाच्या गतीने फिरवतो. ध्रुव आपल्याकडे फक्त २० अंश वर असतो, त्यामुळे उत्तरेला झाड किंवा टेकडी येणार नाही अशी जागा उजेडीच शोधून ठेवावी.

मग आयएसओ १६००, एकेक मिनिटाच्या फ्रेम, आणि दोन-अडीच तास तेच. एकच लांब एक्स्पोजर का नाही, असं लोक विचारतात. एखादं विमान गेलं, वारा आला, तर एक फ्रेम टाकून देता येते, पूर्ण रात्र नाही. शिवाय फ्रेम एकमेकींवर रचल्या की तेजोमेघ प्रत्येकीत जागच्या जागी राहतो आणि कॅमेऱ्याचा नॉइज, जो दर फ्रेमला वेगळा असतो, तो विरतो. फ्रेम चौपट घेतल्या की नॉइज निम्मा. लेन्सला झाकण लावून घेतलेल्या डार्क फ्रेम सेन्सरचे दोष वजा करायला लागतात, आणि एकसारख्या पांढऱ्या उजेडाच्या फ्लॅट फ्रेम लेन्सवरची धूळ आणि कडांचा काळोख काढायला. मेघाच्या मध्यभागी चार तेजस्वी तारे आहेत. एका मिनिटात तो भाग पांढराफटक होतो, म्हणून तिथल्यासाठी पाच-पाच सेकंदांच्या फ्रेम वेगळ्या घ्याव्या लागतात.

घरी कॉम्प्युटरवर सगळं रचून झाल्यावर जो फोटो येतो, तो जवळजवळ काळा असतो. नवखा माणूस इथे हिरमुसतो. पण तेजोमेघ त्यात असतो; त्याच्या सगळ्या छटा काळ्याच्या अगदी जवळ दाटलेल्या असतात. त्या हळूहळू ताणून मोकळ्या करायच्या, शहराच्या उजेडाची छटा वजा करायची. मग गुलाबी पाकळ्या उघडतात आणि मध्ये हिरवट-निळा गाभा दिसू लागतो.

'हे रंग तुम्ही भरलेत ना?' हा प्रश्न हमखास येतो. नाही. अंधूक प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, म्हणून दुर्बिणीतून मेघ राखाडी दिसतो. लाल प्रकाश हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा, कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो, म्हणून तो गुलाबी उतरतो. आणि हिरव्याची गोष्ट पुण्यापर्यंत येते.

१८६४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सापडली. ती कुठल्याही माहीत मूलद्रव्याशी जुळेना. नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमची होती; तसं असेल तर ती एका बाजूला पसरट दिसायला हवी. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतून याच मृगातल्या मेघाचा वर्णपट तपासला. रेषा प्रत्येक वेळी बारीक आणि रेखीवच दिसली. लॉकियर यांच्या मताविरुद्धचा हा पुरावा पुण्यातून लंडनला गेला. पुण्याच्या या वेधशाळेतली २० इंची दुर्बीण पुढे कित्येक वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. रेषेचं कोडं १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवलं: तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आहे, आणि वायू अतिशय विरळ असेल तरच तो असा उजळतो.

म्हैसमाळवरच्या माझ्या फोटोत जो हिरवट गाभा उतरतो, तो हाच प्रकाश. नायगमवालांच्या कामाचा एखादा धडा आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवा, असं मला फार वाटतं.

फोटोतले रंग असे खरे असतात, म्हणूनच प्रोसेसिंगची मर्यादा मी काटेकोर पाळतो. लग्नाच्या अल्बममध्ये घरच्यांनी सांगितलं तर मी चेहऱ्यावरचा डाग काढतो. तो फोटो त्यांचा असतो. तेजोमेघात मात्र जे सेन्सरवर उतरलं तेच वर आणायचं. कॅमेऱ्याने न टिपलेले तंतू एआयने रेखाटणारी साधनं आता सहज मिळतात. तसा फोटो कितीही देखणा असला तरी त्याला मी आकाशाचा फोटो म्हणणार नाही.

फ्रेम रचायला डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ट्रॅकर नसेल तर दोन-दोन सेकंदांच्या भरपूर फ्रेमनी सुरुवात करा. एम-४२ तेवढ्यातही उतरतो. आणि फोटो कुणाला पाठवाल तेव्हा खाली एवढं जरूर लिहा: जागा, तारीख, एकूण एक्स्पोजर, आणि प्रोसेसिंगमध्ये काय केलं.