बालशिक्षण व विशेष शिक्षणातील पुराव्याधिष्ठित व्यवहार : अंगणवाडीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
पूर्व-प्राथमिक आणि विशेष शिक्षणाच्या क्षेत्रांत 'पुराव्याधिष्ठित व्यवहार' ही संज्ञा आता रूढ झाली आहे. संशोधनाने सिद्ध केलेली पद्धती जशीच्या तशी वर्गात राबविणे, असा तिचा अर्थ पुष्कळदा घेतला जातो. तो अपुरा आहे. उपलब्ध संशोधन, शिक्षिकेचे अनुभवज्ञान आणि कुटुंबाची परिस्थिती यांचा मेळ घालून निर्णय घेणे, हा तिचा मूळ आशय होय. प्रस्तुत लेखात अंगणवाडीच्या संदर्भात या आशयाचा विचार केला आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे कार्य आरंभिले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, हे ध्यानी येताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या मॉन्टेसरी साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने, बिया आल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला गेले. निरीक्षणावरून पद्धती बदलण्याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

समूहाचा पुरावा आणि एका बालकाचा पुरावा :
मुरलीधरन, गनिमियन व वॉल्टर्स यांनी तमिळनाडूतील ३२० अंगणवाड्यांत प्रयोग केला. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या केंद्रांना केवळ शिकविण्यासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती अधिक देण्यात आली. शिकविण्याचा वेळ सुमारे दुप्पट झाला, गणित व भाषेतील संपादन वाढले आणि कुपोषणही घटले. पोषण, नोंदवह्या व गृहभेटी सांभाळणाऱ्या सेविकेपाशी उणीव बहुधा कौशल्यापेक्षा वेळेची असते, असे यावरून म्हणता येते.

तथापि असा निष्कर्ष सरासरीचा असतो. ज्या बालकाला ऐकू येत नाही, त्याच्याविषयी सरासरी काहीच सांगत नाही. विशेष शिक्षणात त्या एका बालकाच्या पुनःपुन्हा घेतलेल्या नोंदी हाच पुरावा ठरतो: हाक मारल्यावर ते वळते का, दोन शब्द जोडते का, महिन्यापूर्वी काय करीत होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी व जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे संदर्भसेवा अपेक्षित आहे. चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे मात्र पालकांना नीट सांगावे लागते. अन्यथा 'मंद' हा शिक्का मुलाच्या आधी गावभर फिरतो.

वेळापूर परिसरात ही नोंदींची साखळी ऊसतोडीच्या हंगामात तुटण्याची भीती अधिक. टोळीबरोबर आलेले मूल कोपीवर राहते. तपासणी मूळ गावी होते, तेव्हा ते येथे असते आणि येथे होते, तेव्हा कदाचित ते परतलेले असते. सेविकेची नोंदवही अंगणवाडीतच राहते, पण माता व बाल संरक्षण कार्ड आईबरोबर प्रवास करते. त्यात विकासाचे टप्पेही छापलेले असतात. वजन व लसीकरणाइतक्याच काटेकोरपणे ते टप्पे भरले गेले, तर दुसऱ्या गावच्या सेविकेला पहिल्या दिवसापासून पुन्हा आरंभ करावा लागणार नाही.