कथलाची ओढ

भाचीने बोर्ड माझ्यासमोर ठेवला तेव्हा त्यावरचा फक्त एकच एलईडी लागला होता, आणि तो लागूनच राहिला होता. खरं तर दहा दिवे एकापाठोपाठ एक पळायला हवे होते. 555 या आयसीने ठोके द्यायचे आणि 4017ने ते मोजत दिवा पुढे सरकवायचा, अशी ती रचना. सोल्डरिंग तिने आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं. “मावशी, सगळं बरोबर लावलंय गं,” ती म्हणाली. खरंच होतं ते, एकही भाग चुकीच्या जागी नव्हता. मी 555च्या तिसऱ्या पायावर एक लाकडी काडी टेकवून हलकेच दाबली आणि दिवे पळायला लागले. काडी उचलली की थांबत.

रिपेअरवाले याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. जुन्या टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली की चित्र परत यायचं, त्यामागेही पुष्कळदा हेच असे. भिंगातून पाहिलं तर त्या पायाभोवती राखाडी, खरखरीत गोळा बसला होता आणि पाय नि गोळा यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ होती. धातू पायाला टेकून थिजला होता, पण जुळला नव्हता. अळवाच्या पानावर पाणी असतं ना, तसा.

इथे मी कितीही वेळा थांबले तरी माझं नवल संपत नाही. सोल्डर हा डिंक नाही. डिंक दोन वस्तूंना धरून ठेवतो, स्वतः डिंकच राहतो. सोल्डरमधलं वितळलेलं कथील मात्र तांब्याला शिवलं की त्यातलं थोडं तांबं विरघळवून घेतं, आणि दोघांच्या सीमेवर एक तिसराच पदार्थ तयार होतो. त्यात तांब्याच्या दर सहा अणूंमागे कथलाचे पाच अणू असतात. हा थर एखाद-दोन मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपुढे अगदीच नगण्य. सगळा जोड उभा असतो तो याच्यावर. उष्णता कमी पडली तर हा थर जन्मतच नाही, आणि फार वेळ तापवत राहिलं तर तो वाढत जातो, जाड होतो नि ठिसूळ होतो. चांगल्या जोडाला दोन-तीन सेकंद लागतात, ते एवढ्यासाठी.

मग भाचीच्या त्या पायाला कथील का लागलं नाही? मध्ये ऑक्साइड होतं. हवेतलं तांबं स्वतःवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा ओढून घेतं आणि कथलाला त्या पापुद्र्याशी काही देणंघेणं नसतं. तो काढायला फ्लक्स लागतो. ही गोष्ट आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. सोनार डाग देताना टाकणखार वापरतो. आणि कल्हईवाला ज्यांनी पाहिलाय त्यांनी तर हेच रसायन परातीएवढ्या आकारात पाहिलंय. जमिनीत खड्डा, भात्याने फुललेले निखारे, वर तापत ठेवलेलं पातेलं. तो कथलाची कांडी आत टेकवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढऱ्या धुराचा नाकाला झोंबणारा लोट उठायचा आणि कापसाचा बोळा गोल फिरवला की काळपट पितळेवर चांदीसारखी लाट पसरत जायची. कथील पसरतं कारण त्याला पसरायचंच असतं. नवसागर फक्त वाट मोकळी करतो.

बोर्डवर मात्र नवसागर चालत नाही. त्याचे अवशेष पुढे महिनोन् महिने तांबं खात बसतात. इथे लागते ती राळ, पाइनच्या झाडाच्या चिकापासून केलेली, व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच. राळेतलं आम्ल थंड असताना घट्ट बंदिस्त असतं, कशाला काही करत नाही. तापून वितळलं की जागं होतं आणि ऑक्साइड खातं. निवलं की पुन्हा काचेसारखं थिजतं नि निजतं. कामापुरतं जागं होणारं हे आम्ल सोल्डरच्या तारेच्या पोटातच भरलेलं असतं. सोल्डरिंग करताना जो धूर निघतो तो या राळेचा, शिशाचा नव्हे, कारण शिसं उकळायला 1,700 अंशांहून जास्त तापमान लागतं. तरी धूर नाकात घेऊ नये आणि शिशाची तार हाताळल्यावर हात धुवावेत.

चूक कुठे झाली ते भाचीच्या हाताकडे बघूनच कळलं. ती आधी बिटवर, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर, सोल्डर वितळवत होती आणि तो थेंब उचलून जोडापर्यंत नेत होती. तेवढ्या वाटेत राळ जळून जाते. डाळ घालायच्या आधीच फोडणी करपावी तसं. बिट आधी पायाला आणि पॅडला, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या चकतीला, एकदम टेकवायचा, दोघांना तापू द्यायचं आणि तार बिटला नाही, त्यांना लावायची. एवढा एक बदल केला तरी निम्मं काम सुधारतं.

आता त्या तारेचीही गंमत बघा. कथील वितळतं 232 अंशांना, शिसं 327ला. दोन्ही एकत्र केली तर उत्तर मधे कुठेतरी यावं असं वाटतं. पण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं घेतलं तर मिश्रण 183 अंशांनाच वितळतं, दोघांच्याही खाली. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर जाडं मीठ टाकतो तेव्हा हेच घडतं. परक्या अणूंच्या गर्दीत स्फटिकाला नीट रांग लावता येत नाही, म्हणून थिजणं लांबतं. आणि नेमक्या या प्रमाणात ते मिश्रण अर्धवट लापशीसारखं होत नाही. द्रवाचं एकदम घन होतं, त्यामुळे थिजताना पाय हलून जोड बिघडण्याची वेळच फार थोडी उरते. युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून बहुतेक नव्या उपकरणांत शिशावर निर्बंध आणले. तिथून कारखान्यांत कथील, चांदी आणि तांबं यांचं मिश्रण रुळलं. ते 217 अंशांच्या पुढे वितळतं, आणि हौशी हाताला जरा जास्त अवघड जातं.

तिसऱ्या पायाचा इलाज मिनिटभराचा होता. थोडा फ्लक्स, स्वच्छ बिट, नव्या तारेचा एक कण. राखाडी गोळा क्षणभर थरथरला, अचानक चकाकला आणि पायाला धरून उतारासारखा खाली पसरला. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण पाण्याच्या पाच-सहा पट असतो. जे कथील मघाशी अंग चोरून गोळा झालं होतं, तेच आता पायावर चढत होतं.

दिवे पळाले, पण पहिला आणि दुसरा जोडीने लागत होते, तेही मंद. 4017च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायांमध्ये सोल्डरचा पूल होता. पायांमधलं अंतर 2.54 मिलिमीटर, आणि मधे मोकळी जागा त्याहून कमी. भाचीने ब्लेड उचललं. मी म्हटलं, थांब. बोर्डवरचा तो हिरवा लेप शोभेचा नसतो, त्याला सोल्डर चिकटत नाही. पुलावर फ्लक्स लावला, बिट मधून अलगद ओढला. पूल मधोमध बारीक झाला, तुटला, आणि दोन्ही बाजूंचा धातू आपापल्या पॅडवर परतला. सोल्डर फारच झालं असतं तर तांब्याच्या तारांची वेणी, म्हणजे विक, लावावी लागली असती. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं ती सोल्डर शोषून घेते.

दहावा दिवा लागेना. तिथे तिने इतका वेळ बिट टेकवून ठेवला होता की पॅडच सुटून वर आला होता. बोर्डवरचा तांब्याचा पत्रा साधारण 35 मायक्रॉनचा असतो आणि फक्त राळेसारख्या इपॉक्सीने चिकटवलेला, उष्णतेपुढे ते धरणं सुटतं. सुटलेला पॅड परत बसत नाही. आम्ही ट्रॅकवरचा हिरवा लेप ब्लेडच्या टोकाने पाच मिलिमीटर खरवडला, खालून गुलाबी तांबं उजळलं, आणि एक बारीक तार तिथून थेट एलईडीच्या पायाला जोडली. ही तार तिने स्वतः लावली. आधी दोन्ही बाजू तापवल्या, मग सोल्डर दिलं.

दहाही दिवे पळायला लागले तरी ती भिंग सोडेना. एकेक जोड तपासत होती. चांगल्या जोडात छतावरची ट्यूबलाइट इवलीशी दिसते, हे तिचं तिलाच सापडलं होतं.

“मावशी, या पायात ट्यूब दिसत नाहीये.”

बिट अजून गरमच होता.