चेकराइडच्या आधीचे कागद

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना मिळण्यापूर्वीच्या शेवटच्या परीक्षेला ‘चेकराइड’ म्हणतात. आधी तोंडी, मग विमानात. पण त्याही आधी परीक्षक कागद तपासतो आणि ते अपुरे निघाले तर परीक्षा सुरूच होत नाही. उमेदवार नापास ठरत नाही, मात्र महत्प्रयासाने मिळालेली तारीख हातची जाते. म्हणून आठवडाभर आधी प्रशिक्षकासोबत बसून लॉगबुक ओळ न् ओळ वाचलेले बरे.

उड्डाणाचे किमान 40 तास लागतात; त्यांत निदान 20 प्रशिक्षकासह, 10 एकट्याने. बेरीज सहसा जमते, घोटाळा तपशिलात होतो. एकट्याने करायची लांबची फेरी किमान 150 नॉटिकल मैलांची हवी, तीन ठिकाणी विमान उतरवून पूर्ण थांबवलेले हवे आणि एक टप्पा सरळ रेषेत 50 मैलांहून जास्त हवा. तो 49 भरला, तर सगळी फेरी पुन्हा. रात्री 10 वेळा विमान उतरवायचे तेही पूर्ण थांबवून. चाके टेकवून लगेच पुन्हा उडालेले धरत नाहीत. परीक्षेच्या तयारीचे 3 तास तर ताजेच लागतात: परीक्षा जूनमध्ये असेल, तर 1 एप्रिलपासूनचे.

लेखी परीक्षेचा निकाल 24 महिने चालतो. त्यावर चुकलेल्या विषयांचे संकेतांक छापलेले असतात. त्या विषयांची उजळणी झाल्याची प्रशिक्षकाची नोंद व सही नसेल, तर 95 टक्के मिळवूनही अडते. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सरकारी ओळखपत्र सोबत हवेच. ऑनलाइन अर्जातले नाव ओळखपत्राशी जुळले पाहिजे. मराठी विद्यार्थ्यांच्या पासपोर्टवर मधे वडिलांचे नाव असते, ते इथे गाळून चालत नाही.

विमान भाड्याचे असले तरी त्याचे कागद उमेदवारानेच दाखवायचे: उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, नोंदणी, वजन व समतोलाचा तक्ता, देखभालीच्या वह्या. वार्षिक तपासणी 3 मार्चला झाली असेल, तर ती पुढच्या वर्षी 31 मार्चपर्यंत चालते. ट्रान्सपॉन्डरची तपासणी 24 महिन्यांनी, अपघातात आपोआप संदेश पाठवणाऱ्या यंत्राची 12 महिन्यांनी. या नोंदी जाड वह्यांत विखुरलेल्या असतात. त्या पानांना आधीच रंगीत चिठ्ठ्या लावून ठेवल्या की परीक्षकासमोर शोधाशोध होत नाही.